खुडूक कोंबडीचा इतिहास

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. पण ऑफिसात रिलीज चालू होता, आणि शनिवारी लॅपटॉप उघडला की आधी ऑफिसचीच मेल दिसायची. गेल्या रविवारी मात्र असं काही घडलं की आता लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. माझा एका कोंबडीने पराभव केला. तोही ५ विरुद्ध ९ असा, सणसणीत.

झालं काय, की मी अंडी उबवायचं यंत्र बनवलं होतं. थर्मोकोलचा मोठा खोका, चाळीस वॅटचे दोन बल्ब, जुन्या संगणकातला एक पंखा, एक आर्डुइनो, तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर. कोड लिहायला एक संध्याकाळ लागली आणि तो सारखा करायला तीन रविवार. तापमान ३७.५ अंशांवर अर्ध्या अंशाच्या आत टिकवायचं, दिवसातून चार-पाच वेळा अंडी फिरवायची, एवढाच प्रश्न. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न दिसला की तोंडाला पाणी सुटतं. पारनेर तालुक्यातल्या गावाकडे आत्याच्या कोंबड्या आहेत. तिच्याकडून दोन खेपांत चोवीस अंडी आणली आणि फाल्गुनात खोक्यात मांडली.

आत्याने त्याच दिवशी तिची एक खुडूक झालेली कोंबडी जुन्या पाटीत अकरा अंड्यांवर बसवली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अंडी घालायची थांबून, अंग फुगवून, ‘खुर्र खुर्र’ आवाज काढत एका जागी ठाण मांडून बसणाऱ्या कोंबडीला खुडूक म्हणतात. कोकणातली मंडळी कोंबडी ‘रवणीला’ बसली म्हणतील.) पाटीत तळाला राख, वर भाताचं काड, आणि कडेला एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा. राख उवांसाठी, कोळसा-खिळा विजेच्या कडकडाटासाठी. मी हसलो होतो.

एकविसाव्या दिवशी तिची नऊ पिल्लं पाटीबाहेर. माझी पाच, त्यातलं एक लंगडं. तेराव्या रात्री आमच्या सोसायटीत साडेचार तास वीज गेली होती, आणि इन्व्हर्टरवर वाय-फायचा राउटर जोडलेला होता पण खोका नव्हता! पण खरं कारण ते नव्हतंच. फोनवर आत्याने एकच प्रश्न विचारला.

“अंडी आणल्यावर ठेवली कुठं होतीस?”

“स्वयंपाकघरात. फळीवर. पुढच्या खेपेची येईपर्यंत.”

“किती दिस?”

“बारा-तेरा.”

“मग तिथंच मेली की रं ती. गॅसच्या वर का कुणी अंडी ठेवतं? रांजणाच्या बुडाशी ठेवायची, ओल्या वाळूत.”

पुस्तकात शोधलं तर आत्या शंभर टक्के बरोबर. फलित अंड्यातला गर्भ साधारण पंचवीस-सत्तावीस अंशांच्या खाली झोपून राहतो. त्याच्या वर गेलं की हळूहळू वाढायला लागतो, पण उबेइतकं तापमान नसल्यामुळे नीट वाढत नाही आणि कमजोर होऊन मरतो. आठवड्यापेक्षा जास्त ठेवलेली अंडीही कमी फुटतात. म्हणजे माझ्या चोवीसपैकी निम्मी अंडी खोक्यात जाण्याआधीच बाद होती, आणि मी पुढचे एकवीस दिवस मेलेल्या अंड्यांना अर्ध्या अंशाच्या अचूकतेने ऊब देत होतो. असो.

एवढी नाचक्की झाल्यावर माणूस दोनच गोष्टी करतो: छंद सोडतो किंवा वाचायला बसतो. मी वाचायला बसलो.

सुरुवात थोडी लांबून करतो. कोंबडी माणसाळली कधी? शाळेत असताना वाचलेलं की सिंधू संस्कृतीत चार हजार वर्षांपूर्वी. काही वर्षं चीनमधल्या आठ-दहा हजार वर्षांच्या हाडांची हवा होती. २०२२ साली जगभरची हाडं पुन्हा तपासून जो मोठा अभ्यास आला, त्याने हे सगळं बरंच अलीकडे ओढलं. निर्विवाद पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० मधली. आणि कारणही मजेदार: कोरडवाहू भात आणि भरडधान्याची शेती सुरू झाली, खळ्यावर दाणे सांडले, ते टिपायला रानकोंबड्या आल्या आणि राहिल्या. म्हणजे आपण तिला पकडलं नाही, ती खळ्यावर आली. उकिरडा उकरणारी कोंबडी बघितली की हे लगेच पटतं.

मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे डार्विननेच सांगून ठेवलं होतं. पण डार्विनला एक गोष्ट कळली नव्हती, कळणं शक्यही नव्हतं. पाळीव कोंबड्यांचे पाय आणि कातडी बऱ्याचदा पिवळी असते. २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की या पिवळेपणाचं जनुक तांबड्या रानकोंबड्याचं नाहीच. ते आलं राखी रानकोंबड्याकडून. हा पक्षी फक्त भारतात आढळतो आणि आपल्या सह्याद्रीत भरपूर आहे. भीमाशंकरला किंवा कोयनेच्या जंगलात पहाटे घोगरा, तुटक आरवल्यासारखा आवाज येतो तो त्याचाच. म्हणजे जगात कुठल्याही सुपरमार्केटातल्या पिवळ्या कातडीच्या कोंबडीत थोडासा दख्खनचा रानकोंबडा आहे. ट्रेकला जाऊन ज्याचा फोटो कधीच नीट येत नाही तो!

पण माझा प्रश्न कोंबडीचा नव्हता, उबवण्याचा होता. आणि इथे इतिहास सरळ इजिप्तमध्ये जातो.

इजिप्तमध्ये अंडी उबवायच्या भट्ट्या दोन हजारांहून जास्त वर्षांपासून आहेत. ॲरिस्टॉटलने लिहिलंय की इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात. पुढे डायोडोरसनेही याचा उल्लेख केला. नंतर ज्या भट्ट्या प्रवाशांनी पाहिल्या त्या मातीच्या विटांच्या, जाड भिंतींच्या इमारती होत्या. मध्ये बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या खोलीत हजारो अंडी, वरच्या खोलीत शेणी आणि काडाचा मंद विस्तव. धूर जायला वर भोक, ते उघडझाक करून तापमान सांभाळायचं. थर्मामीटर नव्हतंच. कामगार अंडं उचलून आपल्या मिटलेल्या पापणीला लावायचा आणि त्यावरून ठरवायचा की ऊब कमी आहे की जास्त. पापणीची कातडी पातळ, अर्ध्या-एक अंशाचा फरक कळतो म्हणे. हे ज्ञान काही कुटुंबांत बापाकडून मुलाकडे जायचं आणि बाहेरच्याला सांगायचं नाही असा दंडक. (आमच्याकडे त्याला ‘डॉक्युमेंटेशन नाही’ म्हणतात.)

एडवर्ड लेन नावाचा इंग्रज १८३६ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात या भट्टीचा हिशेब सांगतो: शेतकऱ्याने अंडी आणून द्यायची, भट्टीवाला ती तपासून घेणार, आणि साधारण दोन अंड्यांमागे एक पिल्लू परत देणार. म्हणजे पन्नास टक्क्यांची हमी. त्यावर जे निघेल ते भट्टीवाल्याचं. हे वाचल्यावर मला माझ्या चोवीसात पाचचं जास्तच वाईट वाटलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तंत्राचा करारही मला पाळता आला नसता.

युरोपवाल्यांना या भट्ट्यांनी वेड लावलं होतं. रेओम्यूर (तोच, तापमानाच्या मोजपट्टीवाला) याने १७४९ साली अंडी उबवण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि शेणखताने तापवलेल्या पिंपात प्रयोग केले. पण त्याच्याही शंभरेक वर्षं आधी एक भन्नाट माणूस होऊन गेला: कॉर्नेलिस ड्रेबेल, डच, इंग्लंडच्या राजाच्या पदरी. पाण्याखाली चालणारी होडी बनवणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याने १६२० च्या आसपास अंडी उबवायची पेटी केली. पेटीत अल्कोहोल भरलेली नळी. उष्णता वाढली की अल्कोहोल फुगणार, ते पाऱ्याला ढकलणार, पारा एक दांडी उचलणार, दांडी भट्टीची झडप लावणार, विस्तव मंदावणार. गार झालं की उलट. कुणी माणूस लागत नाही. आज ज्याला आपण थर्मोस्टॅट म्हणतो, फीडबॅक कंट्रोल म्हणतो, त्याचं आधुनिक युगातलं पहिलं यंत्र हेच मानतात. वाफेच्या इंजिनावरचा जेम्स वॅटचा गव्हर्नर त्यानंतर दीडेकशे वर्षांनी आला. कॉलेजात कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरात मी काठावर पास झालो होतो. हा विषय कोंबडीच्या अंड्यातून निघालाय असं कुणी तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित मन लावून अभ्यास केला असता. :)

आता इजिप्तमधली एक गोष्ट बघा. तिथल्या उन्हात तयार झालेली जात म्हणजे फायूमी. छोटी, चपळ, रुपेरी-काळ्या ठिपक्यांची, उन्हाला आणि रोगांना टणक. बांगलादेशात अंगणात आणि छोट्या शेडमध्ये जी ‘सोनाली’ पाळतात, ती ऱ्होड आयलंड रेडचा नर आणि फायूमीची मादी यांच्या संकरातली. आणि फायूमी कोंबडी सहजासहजी खुडूक होत नाही. का व्हावी? दोन हजार वर्षं गावातल्या भट्टीने अंडी उबवून दिल्यावर बसणाऱ्या कोंबडीला कुणी निवडून ठेवलंच नसणार. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो. तिथे हवामानाला जुळणारी कोंबडी आणि हवामानाला जुळणारं यंत्र दोन्ही एकमेकांच्या संगतीने घडले. दोन्ही गावातच होते, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे भट्टी नव्हती. आपल्याकडे खुडूक कोंबडी होती. आणि आपल्या इतिहासात जे झालं ते असं की कोंबडी बाहेरून आणली गेली आणि यंत्र शहरात राहिलं.

त्याआधी आपली कोंबडी बाहेर गेली, तेही सांगतो. असील हा आपला झुंजीचा कोंबडा, मूळ आंध्र भागातला. उंच, रुंद छातीचा, डोक्याने राजेशाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी तो विलायतेला नेला. कॉर्नवॉलमध्ये तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी त्याचा संकर झाला, श्रेय सर वॉल्टर गिल्बर्ट या सेनाधिकाऱ्याला देतात. नाव पडलं ‘इंडियन गेम’, पुढे ‘कॉर्निश’. झुंजीत तो अगदीच टाकाऊ निघाला, पण छातीवर मांस भरपूर. १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ अशी एक राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती कॅलिफोर्नियाच्या व्हँट्रेस यांच्या कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांच्या संकराने जिंकली. आजचा ब्रॉयलर याच वाटेने आला. म्हणजे आपण ज्याला नाक मुरडत ‘इंग्लिश कोंबडी’ म्हणतो तिच्या बापाकडच्या खापरपणजोबांचं गाव आंध्रात आहे.

अंड्यांची गोष्ट वेगळी. तिथे इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली व्हाइट लेगहॉर्न आली. पांढरीशुभ्र, कमी खाणारी, आणि आजचे तिचे संकर वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालतात. आपली गावठी पन्नास-साठ. एवढा फरक पाहिल्यावर कुठलाही सरकारी अधिकारी जे ठरवेल तेच ठरलं: गावठी नर काढून टाकायचे आणि लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड रेडचे नर वाटायचे. स्वातंत्र्याच्या आधीपासून आणि नंतर योजनांच्या काळात देशभर अशा नरबदलाच्या योजना चालल्या. आपल्याकडे पुण्यात खडकीला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे, तसंच कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही. तिथून पिल्लं आणि अंडी गावोगाव जायची.

हा पन्नास विरुद्ध तीनशेचा आकडा मला आधी फारच निर्णायक वाटला होता. मग आत्याच्या कोंबडीचं वेळापत्रक कागदावर मांडलं. ती एका पाळीत बारा-पंधरा अंडी घालते, त्याला वीसेक दिवस. मग एकवीस दिवस अंड्यांवर बसते, दिवसातून एकदाच दाणापाण्याला उठते. मग दोन महिने पिल्लांना घेऊन फिरते, घारीवर धावून जाते, पावसात पंखाखाली घेते, काय खायचं ते दाखवते. झाले शंभर दिवस. वर्षात अशा साडेतीन पाळ्या. साडेतीन गुणिले चौदा म्हणजे एकोणपन्नास. आलं उत्तर! ती आळशी नाही. ती अंड्यांचा कारखाना, उबवणी केंद्र, पाळणाघर आणि वॉचमन असे चार जॉब एकटी करते, आणि आपण तिचं अप्रेझल फक्त पहिल्या जॉबवर करतो.

लेगहॉर्नकडून बाकीचे तीन जॉब काढून घेतले होते. खुडूक होणं हे प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचं काम. जास्त अंड्यांसाठी पिढ्यान् पिढ्या निवड करताना खुडूक होणाऱ्या माद्या बाद होत गेल्या. शेडमध्ये हे चालतं, तिथे उबवायला यंत्र आहे. पण अंगणात? पांढरीशुभ्र कोंबडी घारीला आणि मुंगसाला लांबून दिसते. ती अंडी घालते आणि निघून जाते. तिचं पिल्लू हवं असेल तर पुन्हा तालुक्याला जा. आमच्याच घरी आजीच्या काळात अशी दोन पांढरी कोंबडी-कोंबडा आले होते. आजी त्यांना ‘मड्डम’ म्हणायची. आत्या सांगते की मड्डमची अंडी गावठी कोंबडीखालीच ठेवून उबवावी लागायची, आणि त्यातून वाढलेल्या तलंगा ना धड मड्डम ना धड गावठी. एका पावसाळ्यानंतर सगळं पुन्हा होतं तसं झालं.

मधल्या काळात शहराने आपली वाट काढली. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचं बस्तान पुण्यात बसलं. १९८२ साली अंडी उत्पादकांची एनईसीसी उभी राहिली. ‘संडे हो या मंडे’ ऐकत वाढलेली आपली पिढी, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही. अंडं स्वस्त झालं, वर्षभर मिळायला लागलं, डब्यात आलं, हे फार मोठं काम आहे आणि त्याला नावं ठेवणारे बहुतेक वेळा माझ्यासारखे अंगण नसलेले लोक असतात.

अंगणातल्या कोंबडीचा विचार पुन्हा सुरू झाला तो १९८० च्या दशकाच्या शेवटी. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने १९८९ साली ‘गिरिराज’ बाहेर काढली. महाराष्ट्रात ती इतकी पसरली की अनेकांना ती आपल्याच घाटावरची वाटते. हैदराबादला १९८८ मध्ये कुक्कुट प्रकल्प संचालनालय झालं (२०१३ पासून कुक्कुट संशोधन संचालनालय), तिथून ‘वनराज’ आणि ‘ग्रामप्रिया’ आल्या. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्राने असीलच्या संकरातून ‘निर्भीक’ काढली, कडकनाथच्या संकरातून ‘श्यामा’, आणि उघड्या मानेच्या कोंबडीतून ‘हितकारी’.

ही यादी वाचताना मला रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचल्यासारखं वाटलं, आणि ते चांगल्या अर्थाने. पिसं रंगीत हवीत, म्हणजे घारीला चटकन दिसणार नाही. पाय लांब हवेत, म्हणजे पळता येईल. बाहेरचं टिपून जगता आलं पाहिजे. उघड्या मानेची गंमत तर खासच: एका जनुकामुळे मानेवर पिसं येत नाहीत आणि एकूण पिसंही बरीच कमी होतात, त्यामुळे उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर पडायला मोकळी जागा मिळते. दिसायला कोंबडी अर्धी सोलल्यासारखी दिसते, पण मे महिन्यात तीच जास्त खाते आणि वाढते. आणि वनराजचा बाप कुठला? लाल कॉर्निशमधून निवडलेला. म्हणजे असीलचं रक्त कॉर्नवॉलला जाऊन पुन्हा आपल्या अंगणात.

वनराज वर्षाला शंभर-एकशेदहा अंडी घालते. गावठीच्या दुप्पट. मात्र ती खुडूक होणार म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. आणि ती संकरित असल्यामुळे तिची अंडी उबवली तरी पुढच्या पिढीत सगळं विस्कटतं, एक कोंबडी बापासारखी, दुसरी आजीसारखी, तिसरी कुणाचीच नाही. संशोधक स्वतःच सांगतात की दर वेळी नवी पिल्लं आणा. सरकारी योजनेत ती चार आठवडे ‘मदर युनिट’मध्ये वाढवून मग घरोघर देतात. मदर युनिट! आत्याची पाटी तेच काम करते, फक्त तिला निविदा लागत नाही.

याच ठिकाणी माझा आणि आत्याचा खरा वाद झाला. मी तिला म्हटलं, वनराजची पन्नास पिल्लं आणून देतो, तुझं उत्पन्न दुप्पट होईल. ती म्हणाली, “आण. पण मानमोडी आली की तुझी वनराज काय नि माझी ठिपकी काय, दोन्ही माना मोडूनच मरणार.”

मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊंतल्या राणीखेत गावाचं नाव या रोगाला चिकटलं, कारण १९२७-२८ च्या सुमारास तो तिथे आढळला. त्याच सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला तो दिसला, म्हणून जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट हगते, दोन-चार दिवसांत जाते. लस न दिलेल्या गावात शिरला तर खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. आत्याच्या सतरा कोंबड्यांपैकी एका उन्हाळ्यात दोन उरल्या होत्या. त्या पैशांतून तिच्या मुलीची शाळेची फी जायची होती. त्या वर्षी ती फी माझ्या बाबांनी भरली, एवढंच मला घरी कळलं होतं. कोंबड्यांचं कुणी बोललं नव्हतं.

आणि लस आहे! आजची नाही, १९४० च्या दशकापासून आहे, आपल्याच मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेतली. मग अडचण काय? बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते, आत्याकडे कोंबड्या सतरा. बाटली थंड राहायला हवी, फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवायला हवी. दहा घरच्या बायकांनी एकाच सकाळी आपापल्या कोंबड्या सोडायच्या आधी एकत्र यायचं, आणि बर्फाच्या पेटीतून कुणीतरी बाटली आणून द्यायची, एवढंच. ऑस्ट्रेलियात पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सोसणारी आय-२ लस तयार केली ती नेमकी या अडचणीसाठी, आफ्रिकेतल्या आणि आग्नेय आशियातल्या खेड्यांसाठी. माझं स्पष्ट मत असं झालंय की आपण ऐंशी वर्षं कोंबडीच बदलत बसलो, आणि आहे त्या कोंबडीपर्यंत बाटली पोचवायचं काम मागे राहिलं. सर्व्हर स्लो आहे म्हणून नवा सर्व्हर घेणं आणि केबल न तपासणं, हे आम्ही रोज करतो, त्यामुळे हसायची सोय नाही.

रोगाचं निघालंच आहे तर नवापूर. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. मी तेव्हा पहिल्या नोकरीत होतो, कॅन्टीनमधून अंडी-चिकन एका दिवसात गायब झालं आणि आम्ही त्यावर फॉरवर्ड पाठवत होतो. नवापूर म्हणजे अंड्यांच्या मोठमोठ्या शेडचं गाव. लाखो पक्षी मारले गेले. ठरलेल्या परिघातली प्रत्येक कोंबडी, शेडमधली असो की अंगणातली. २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तेच झालं.

तेव्हा मला माहीत नव्हतं ते आता वाचलं. देशी कोंबड्यांच्या ज्या जातींची देशपातळीवर अधिकृत नोंद आहे, त्यांत एक ‘बुसरा’ आहे, महाराष्ट्र आणि गुजरातची. लहान चणीची, बहुतेक पांढरं अंग त्यावर काळी-तांबूस पिसं, वर्षाला पन्नासच्या आतबाहेर अंडी, आणि उत्तम खुडूक होणारी. तिचा मुलूख कुठला? साक्री तालुका, पलीकडचा गुजरातचा पट्टा, आणि नवापूर. कडकनाथला २०१८ साली झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या मांसावर आणि अंड्यांवर लेख आले, २०१९ मध्ये सांगली भागात त्याच्या गुंतवणूक योजनेत शेतकऱ्यांचे पैसेही बुडाले. बुसराचं नाव मी या वयापर्यंत ऐकलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी ऐकलं असेल तर सांगा.

आणि तरीही अंगणातली कोंबडी संपलेली नाही, उलट आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या वगैरे पक्षी मोजले गेले. त्यातले ३१ कोटी ७० लाख अंगणातले. आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा अंगणातले जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढले, शेडमधले फक्त साडेचार टक्क्यांनी. हा आकडा मी तीनदा तपासला. यात वनराज-गिरिराज वाटपाचा हात नक्कीच आहे, हे कबूल करायलाच हवं. पण गावात त्यांची अंडी मिळाली तर ती उबवायला बसणारी ठिपकीच आहे, हेही तितकंच खरं.

तर सध्याची परिस्थिती अशी. माझी पाच पिल्लं (लंगडं धरून) मी गेल्या रविवारी खोक्यात घालून गावी नेली. फ्लॅटच्या बाल्कनीत कोंबड्या ठेवायला सोसायटीची परवानगी नाही, आणि बायकोची तर नाहीच नाही. आत्या म्हणाली अंधार पडू दे. रात्री आठला तिने डालगं जरासं वर उचललं आणि एकेक पिल्लू ठिपकीच्या पोटाखाली सारलं. दिवसा दाखवली असती तर टोचून मारली असती, अंधारात तिला मोजता येत नाही. ठिपकीने अंग हलवलं, पंख जरा रुंद केले आणि पुन्हा डोळे मिटले. सकाळी चौदा पिल्लं तिच्यामागे निघाली, लंगडं सर्वांत शेवटी.

तालुक्याच्या दवाखान्यात लसीची चौकशी केली आहे. बाटली मिळेल, पण किमान शंभर कोंबड्या जमवा म्हणाले. आत्याने गल्लीतल्या घरांची यादी माझ्याकडून मोबाइलवर लिहून घेतली आहे. सध्या त्र्याऐंशीपर्यंत आलोय. शाळेमागच्या दोन घरांत अजून विचारायचं आहे.